बाटलीतली साखर

“…मग सर, आता माझ्या हाताखाली विद्यार्थी देणार ना?”

कौस्तुभ उकिडवेनं पुन्हा विचारलं. स्वारीचे पाय कालपासून जमिनीवर ठरत नव्हते. ज्या रेणूपुढं प्रयोगशाळेतल्या भल्याभल्यांनी हात टेकले होते, तो त्यानं बनवला होता. आणि बनवला तोही शुद्ध. असे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे जोडीनं तयार होतात, पण औषधाला त्यातला एकच चालतो. कौस्तुभच्या चंबूत डावा नावालाच होता.

बोरवणकर सर खिडकीपाशी बसून काचेची नळी पुसत होते. त्यांनी विचारलं, कसं केलंस?

कौस्तुभ रंगात आला. साखरेपासून केलेला मदतनीस रेणू त्यानं आधी मूळ पदार्थाला जोडून घेतला. तो एका अंगाला आडवा बसला, त्यामुळं पुढं जोडायला येणाऱ्या रेणूला दुसऱ्याच अंगानं यावं लागलं. काम झाल्यावर मदतनिसाला सोडवून वेगळं केलं. सांगताना प्रत्येक वाक्यात ‘मी’ होता.

“आणि साखर?”

त्या मदतनिसाला इथं सगळे साखरच म्हणत. सरांनी ऐन उमेदीत महिनोन्महिने खपून ती ग्लुकोजपासून तयार केली होती. तेव्हापासून ती एकच बाटली हातोहात फिरत आली. काम झालं की आधी साखर परत मिळवायची, तिचे स्फटिक पाडायचे, बाटलीत भरायचे, आणि मगच आपल्या पदार्थाकडं बघायचं, अशी रीत. थोडीफार वाया गेली तर ज्यानं त्यानं नवी करून भर घालायची.

“ती… ईथरच्या द्रावणात राहिली होती, सर.”

“ईथर कुठंय?”

“टाकाऊच्या कॅनमध्ये ओतलं.”

पदार्थ बघायची घाई झाली होती. एकदम भरपूर करायचं म्हणून बाटलीही त्यानं तळापर्यंत खरवडली होती. कॅन तर काल टाकाऊ नेणाऱ्या गाडीतून गेलासुद्धा.

बाटलीची पुढची पाळी धाकट्या विद्यार्थिनीची, वैजयंतीची, हे त्याला आत्ता आठवलं. बिचारी उन्हाळ्यापासून या बाटलीची वाट बघत होती. आणि काल त्याच्या यशाचे पेढे तिनंच सगळ्यांना वाटले होते. त्यानं दोन खाल्लेही होते. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं त्याला झालं.

“मी सगळी नव्यानं करून देतो, सर. विद्यार्थ्यांचं… राहू दे.”

“बाटली आण.”

त्यानं आणली. सर उठून नळापाशी गेले आणि ती विसळू लागले. निदान तेवढं तरी आपण करावं म्हणून कौस्तुभनं हात पुढं केला. सरांनी त्या हाताकडं पाहिलंही नाही. बाटली कोरडी करून त्यांनी बूच लावलं आणि मग ती त्याच्या ओंजळीत ठेवली.

कौस्तुभला मान वर करवेना.

“उद्यापासून वैजयंती तुझ्या हाताखाली,” सर म्हणाले. “आल्या आल्या ही बाटली तिच्या हातात तूच दे.”