गंभीरराजांचा कोरडा मचवा

"मचव्यात पुन्हा पाणी!" गंभीरराजे गरजले. नारळी पौर्णिमेचा नारळ समुद्राला देऊन ते नुकतेच शिंपलगडच्या धक्क्यावर उतरले होते. विजार गुडघ्यापर्यंत ओलीचिंब, आणि मागे मचव्यात दिवाणजी स्वतःच्या पागोट्याने पाणी उपसताहेत!

हा शिडाचा मचवा राजांच्या आजोबांनी बांधलेला. अस्सल सागवानी. राजांचा त्याच्यावर भारी जीव. वर्षातून एकदाच तो पाण्यात उतरायचा. एरवी किनाऱ्यावर, छान खडखडीत उन्हात! चार नोकर त्याला मऊ धोतरांनी पुसायचे. पावसात वर ताडपत्रीचा मांडव. थेंब पडला तरी राजे कासावीस! आणि एवढे लाड करूनही मेला दरवर्षी गळायचाच. धाकू सुताराने कापूस ठोकला, राळ ओतली, पण एक फट बुजली की दुसरी हसायची.

"धाकू!" राजे म्हणाले, "आठव्या दिवशी व्याही येताहेत. त्यांना याच मचव्यातून बेटावर न्यायचंय. गळती थांबव. आणि ऐक, आजोबांच्या लाकडाला आता हातोडा लागता कामा नये. खिळा नाही, कापूस नाही, राळ नाही! नाही जमलं तर बंदर सोडून चालता हो. तोवर तुझी हत्यारं जप्त!"

धाकू घरी येऊन मटकन खाली बसला. "मथे, संपलं गं सगळं! दातांशिवाय चणे फोडायला सांगतात. आणि खरं काय ते राजांच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही."

त्याची लेक मथुरा बापाच्या हाताखाली मचवे बांधतच वाढलेली. बापाचे डोळे भरलेले पाहून तिचं डोकं फिरलं. पदर खोचून ती तडक वाड्यावर गेली.

"महाराज, गळती मी थांबवते. तुमच्या साऱ्या अटी कबूल. माझी एकच. आठ दिवस मी काय करते, ते विचारायचं नाही."

"कबूल!" राजे म्हणाले.

त्याच दिवशी तिने मचवा खाडीच्या उथळ पाण्यात लोटवला आणि आत मोठमोठे धोंडे भरले. फटीफटीतून पाणी आलं, मचवा हळूहळू खाली बसला. वर उरली फक्त डोलकाठी!

तिसऱ्या दिवशी राजे फिरत फिरत तिकडे आले आणि त्यांची बोबडीच वळली.

"अगं सटवे! गळती थांबवायला सांगितली, तू तर मचवाच बुडवलास!"

"बुडालेला मचवा गळत नाही, महाराज. आणि तुम्ही विचारणार नव्हता ना?"

राजांनी ओठ चावले. शब्द दिलेला! मथुरा वरून हसली खरी, पण आतून तिची पाचावर धारण बसली होती. चुकलं तर बापाला म्हातारपणी गाव सोडावं लागणार होतं.

आठव्या दिवशी ओहोटीला तिने धोंडे काढले, पाणी उपसलं. भरती आली आणि मचवा डौलात तरंगू लागला. राजे व्याह्यांना घेऊन बसले. मथुरा आणि धाकूही बसले. सावधगिरी म्हणून राजांनी बादल्या घेऊन चार नोकरही बसवले. बेटावर जाऊन परत येईपर्यंत ते चौघे रिकाम्या बादल्यांवर डोकं टेकून घोरत होते!

राजांनी तळाला हात लावून पाहिला. "खडखडीत! पोरी, फटींत भरलंस तरी काय?"

"पाणी."

"पाणी?"

"कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आम्ही तो पाण्यात बुडवून ठेवतो, महाराज. लाकूड फुगतं, घट्ट बसतं. तुम्ही मचवा वर्षभर उन्हात वाळवता. फळ्या आकसतात, फटी पडतात."

"हे बंदरावर कुणालाच ठाऊक नव्हतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं! पण मचवा राजांच्या लाडानेच गळतो, हे राजांना सांगणार कोण? हत्यारं जप्त व्हायची!"

धाकूने डोळेच मिटून घेतले. आणि व्याही एकदम खो खो हसत सुटले! राजांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मथुरेकडे, आणि मग तेही पोट धरून असे हसले की मचवा हेलकावे खाऊ लागला.

"धाकू, तुझी हत्यारं घेऊन जा," डोळे पुसत ते म्हणाले. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी मथुरेपुढे धरलं. "आणि हे घे पोरी. आजपासून बंदरावरचा प्रत्येक मचवा तुझ्या हुकमात. आमचासुद्धा!"