सिदू पैलवानाचा पंजा

फार वर्षांपूर्वी, करंजखेडची नदी भर उन्हाळ्यातही लाल वाहायची, तेव्हाची ही गोष्ट. लाल कशानं? तर गावचे रंगारी आपली छापलेली लुगडी तिथं धूत. त्या गावात सिदू पैलवान राहायचा. बारा गावच्या पैलवानांना त्यानं चीतपट केलं होतं. पण पन्नाशीत गुडघा गेला आणि आखाडा सुटला. रिकामं बसवेना, म्हणून तो छपाई शिकायला गौराक्काकडे गेला. गौराक्का गावातली सगळ्यात जाणती रंगारीण, उंचीनं त्याच्या कोपराएवढी.

तिनं त्याला आधी कापड धुवायला लावलं. त्यानं पिळलं, तर एका लुगड्याची दोन झाली. मग तिनं कमळाचा लाकडी ठसा हातात दिला आणि सांगितलं, रंगात बुडव, कापडावर ठेव, वरून मुठीनं ठोक. सिदूनं ठोकलं. असं म्हणतात, की ते कमळ आठ घड्यांतून आरपार गेलं, बाकाच्या फळीतून उतरलं आणि खाली झोपलेल्या बोक्याच्या पाठीवर उमटलं. वरच्या कापडावर मात्र फूल नव्हतंच, नुसता लाल चिखल. असे सहा ठसे फुटले. सुतार खूश होता, गौराक्का नव्हती.

तशात जानाईची जत्रा आठ दिवसांवर आली. देवीचं लुगडं छापायचा मान गौराक्काच्या घरचा. छापायचं तिनं, नाहीतर तिच्या शिष्यानं. ते झालं नाही तर जत्राच भरायची नाही. नेमकी ती घाटावर घसरली आणि मनगट मोडून बसली. शिष्य एकच.

असं म्हणतात, की आखाड्यात कधी मागे न हटलेला सिदू त्या दिवशी ठशापासून दोन पावलं मागे सरला. मला फक्त दाबता येतं, म्हणाला.

गौराक्कानं विचारलं, "समोरच्याला पाडल्यावर काय करायचास?"

"हात देऊन उठवायचो."

"मग तोच हात ठेव. फूल पाडायचं नसतं सिदबा, उठवायचं असतं."

सिदूनं ठसा ठेवला, वर तळहात टेकवला आणि हळूच म्हणाला, "ऊठ गड्या." कमळ उठलं, देठासकट. मग तो थांबलाच नाही. शेवटचं कमळ उठलं तेव्हा आनंदाच्या भरात त्यानं शड्डू ठोकला; पण रंगानं माखलेली ती थाप मांडीऐवजी लुगड्याच्या पदरावर पडली. सुपाएवढा पंजा उमटला. गौराक्कानं पंजा जवळून निरखला. मग म्हणाली, "राहू दे. नवशिक्यानं छापलंय, हे देवीलाही कळू दे."

असं म्हणतात, की वाळत घातलेल्या त्या लुगड्यावर मधमाश्यांचं मोहोळ येऊन बसलं आणि फूल कापडाचं आहे हे कळल्यावरही उठेना.

आजही करंजखेडात ठसा टेकवताना "ऊठ गड्या" म्हणतात. आणि देवीच्या लुगड्याच्या पदरावर त्या वर्षीचा सगळ्यात नवा शिकाऊ आपला पंजा उमटवतो. त्याशिवाय देवी लुगडं नेसत नाही, असं म्हणतात. एका साली शिकायला कुणीच आलं नाही. तेव्हा गावानं नुकत्याच बदलून आलेल्या तलाठ्याला सकाळी ठसा धरायला शिकवलं आणि दुपारी त्याचा पंजा घेतला.