बाविसावा डाव

"बाबा, सलग एकवीस डाव हरला, तर माणसानं दोष कुणाला द्यायचा?"

फकीरबाबा झोपडीबाहेर गोधडीला ठिगळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कसला डाव?"

"तीन पत्तीचा. घरातलाच. रविवारी जेवणं झाली की सतरंजी टाकायची आणि पाच जणांनी बसायचं. पैसे नाहीत. चिंचोके लावायचे."

"मग हरलास तर बिघडलं काय?"

रेठरेकर मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला.

चौतीस वर्षं त्यांनी हायस्कुलात गणित शिकवलं. प्रसादाचे पेढेसुद्धा मोजून घेणारा माणूस! मांजर आडवं गेलं म्हणून थांबलेल्या पोराची त्यांनी भर वर्गात टर उडवली होती. बाबांना भेटायला या टेकडीवर चढणाऱ्यांना ते हसायचे. "अडला हरी..." एवढंच म्हणायचे आणि पुढची म्हण ऐकणाऱ्यावर सोडायचे. आज मात्र भर उन्हात स्वतःच चढून आले होते, आणि धापाही टाकत होते.

मास्तरांनी खिशातून वही काढली.

"पाचांत एक जिंकतो. म्हणजे दर डावाला हरण्याची संभाव्यता पाचात चार. सलग एकवीस वेळा हरण्याची, शंभरात जेमतेम एक. लोकांना ते आक्रीत वाटतं. पण आम्ही वर्षाला दीड हजार डाव खेळायचो. तेवढ्यांत असली साडेसाती प्रत्येकाला दोन-तीनदा तरी गाठणारच. कुणामुळे नाही, बाबा. आपली आपण."

"बरोबर मांडलंयस?"

"तीनदा तपासलंय."

"मग दोष कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

"मग रडतोस कशाला?"

आपण रडतोय हे मास्तरांना तेव्हा कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात ठेवला.

"माझी धाकटी बहीण. अनसूया. नवरा गेल्यावर माझ्याकडेच राहिली. आम्ही खेळायला बसलो की माझ्या डाव्या हाताला येऊन बसायची. खेळायची नाही, नुसती बघायची. चिंच फोडताना टपोरे चिंचोके वेगळे काढून, धुऊन, वाळवून ठेवायची ती आमच्यासाठी."

बाबांची सुई थांबली.

"त्या रविवारी मी एकवीस डाव हरलो. चिडलो. म्हटलं, अनसे, तू जरा आत जाऊन बस गं. तू शेजारी असलीस की मला पानंच येत नाहीत."

"ती काय म्हणाली?"

"'बरं दादा,' म्हणाली. हसली. चहा टाकते म्हणाली."

"आणि?"

"बाविसाव्या डावाला मला तीन राण्या आल्या."

वारा आला आणि वहीची पानं फडफडली. मास्तरांनी त्यांवर हात ठेवला.

"सगळे ओरडले, बघा! कुणीतरी 'पांढऱ्या पायाची' असंही म्हणालं. मीही हसलो... स्वयंपाकघर कितीसं लांब असतं, बाबा?"

हरणाऱ्याला अंगण वाकडं दिसतंच. पण मास्तरांना अंगणही पुरलं नाही. पाठची बहीण लागली.

"त्यानंतर सतरंजी टाकली की ती आपणहून उठायची. अकरा वर्षं. मागच्या महिन्यात गेली."

"अकरा वर्षांत तू तिला परत बोलावलंस?"

"वाटायचं... येईल आपली आपण."

"ते रविवार मोजलेस?"

मास्तरांनी वहीचं पान उलटलं. मग पुढचं उलटलं. एकवीस डावांची मांडणी चार पानं भरून होती. रविवार कुठंच नव्हते.

"पत्ते आणलेस?"

मास्तरांनी पिशवीतून पत्ते काढले. त्यांच्याबरोबर कापडाची एक थैलीही काढली. अनसूयेच्या ट्रंकेत सापडली होती. तिच्यात चिंचोके होते, धुतलेले आणि वाळवलेले. यंदाच्या उन्हाळ्यातलेसुद्धा.

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. मास्तरांच्या डाव्या हाताला आले आणि हळूच खाली बसले.

"वाट. पाच वाटे कर. मी पत्त्याला शिवत नाही, नुसता बसतो."

मास्तरांनी पत्ते पिसले. पाच ठिकाणी तीन तीन पानं टाकली. उलटली. हरले.

पुन्हा पिसले. हरले.

तिसरा डाव, चौथा, पाचवा... सहाव्यालाही पानं आली नाहीत. बाबांचा गुडघा मधूनमधून मास्तरांच्या गुडघ्याला लागत होता. शेजारी कुणी असलं की असंच लागतं, हे मास्तर अकरा वर्षांत विसरले होते.

सातव्या डावाला मास्तर पत्ते पिसत असताना बाबांनी जमिनीवर हात टेकला. अर्धवट उठले.

"मी आत जातो, मास्तर. तुला पानं येतील."

मास्तरांच्या हातातले पत्ते सांडले. त्यांनी बाबांच्या कफनीचं टोक धरलं.

"नको... नका उठू. बसा."

"हरशील."

"हरू दे, बाबा! हरू दे. तुम्ही बसा फक्त."

बाबा बसले.

मास्तरांनी सांडलेली पानं गोळा केली, वाटली, उलटली. हरले.

बाबांनी मास्तरांच्या पुढ्यातल्या थैलीतला एक चिंचोका दोन बोटांनी उचलला आणि मधोमध ठेवला.

"एवढा एक चिंचोकाच जायचा होता, मास्तर."