परसातली पंगत

एका राज्यात धवलराय नावाचा राजा होता. राजा भला, पण शिकारीचा भारी नाद. एकदा पाणवठ्यावर पाणी पिणाऱ्या हरणीवर त्यानं बाण सोडला. बाण हुकला. पण ती हरणी होती एका मांत्रिकाची लेक. मांत्रिक म्हणाला, "तहानलेल्याला भिववलंस. आता तूच रानोमाळ भीत फिर." एवढं म्हणायचा अवकाश, घोड्याचं खोगीर रिकामं झालं.

राणी रत्नमालेनं राजवाडा सोडला आणि रानाच्या कडेला झोपडी बांधली. तिथं कुंपणावर एक बोलका भारद्वाज बसायचा. राणीनं विचारलं, "पक्षिराजा, माझे धनी कुठं आहेत?"

"रानात. रूप सांगायची मला बंदी आहे. मोर, साळिंदर आणि मुंगूस, तिघं तुझ्या परसात निर्धास्त जेवले की शाप सुटेल. पण परसातल्या त्या सीताफळीचं शेवटचं पान भुईला टेकलं, तर राजा माणसाची भाषा कायमची विसरेल."

राणीनं केळीची पानं मांडली, भोवती रांगोळी घातली. मोराला ज्वारी, साळिंदराला रताळी, मुंगसाला वरणभात. धुक्यातून पावलं न वाजवता तिघं आले. पण राणी पडली खानदानी घरची! आग्रहाशिवाय वाढणं तिला ठाऊकच नव्हतं. पळी घेऊन धावली, "घ्या ना अजून! माझी शपथ आहे!" मोर उडाला, साळिंदरानं काटे फुलवले, मुंगूस तर दिसेनासंच झालं.

शेजारची गोदूआत्या कुंपणाला नाक लावून बघतच होती.

"राणीसाहेब, लहान तोंडी मोठा घास घेते. हे काय व्याही आलेत का? वाढा आणि मागं सरा. जेवणाऱ्याच्या पानाकडं टक लावू नये."

"आणि तुम्ही हो, आत्या? दिवसभर?"

"मी कुठं त्यांच्याकडं बघते? मी तुमच्याकडं बघते!"

राणी हसली, आणि मागं सरली. चार पावलं सरली, तेव्हा मोर दाणे टिपू लागला. मागल्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत सरली, तेव्हा साळिंदर काटे मिटून बसलं. मुंगूस मात्र पानाशी येई, थबके आणि परत फिरे. त्याच्या थबकण्यात राणीला काही ओळखीचं वाटे. त्या राज्यात मुंगूस दिसलं की 'तोंड दाखव' म्हणायची रीत होती. शब्द रोज तिच्या ओठांशी येत. रोज ती ते गिळी.

होता होता सीताफळीवर एकच पान उरलं. सांज केशरी झाली. मुंगूस आलं, थबकलं. वारा सुटला. पान थरथरलं.

राणीला बघायचं होतं, फार बघायचं होतं. तिनं पाठ फिरवली.

"आत्या, तुम्हीसुद्धा."

गोदूआत्यानं सुस्कारा सोडला आणि डोळ्यांवर पदर ओढला.

पान देठापासून सुटलं. हवेत गिरक्या घेत खाली येऊ लागलं. चोचीची टकटक ऐकू आली. रताळ्याची करकर ऐकू आली. मग पाठीमागून कुणीतरी संकोचून म्हणालं,

"थोडं वरण वाढता का?"

पान त्यानंतर टेकलं. मोर आणि साळिंदराच्या मध्ये राजा मांडी घालून बसला होता, हाताला भात लागलेला. राणीनं डोळे पुसत पळी उचलली आणि मागितलं तेवढंच वाढलं.

तेव्हापासून त्या राज्यात पाणवठ्यावर कुणी धनुष्य नेत नाही. परसात वाढतात आणि पाठ करून बसतात. सारं सुरळीत झालं. एकट्या गोदूआत्याची कुरकुर अजून चालू आहे, "जन्मभर बघत बसले, आणि बघण्यासारखं झालं तेव्हा मेला पदर डोळ्यांवर!"