ताकाचे भांडे

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या दारी मार्तंडराव करडे नावाचे एक तांबट पोट धरून आले. अंगापिंडाने मजबूत गृहस्थ, पण चेहरा पार उतरलेला. काही महिन्यांपासून अन्नावरची वासना गेली होती. जेवले की मळमळे, पोटात मुरडा येई, आणि अधूनमधून सगळे उलटून पडे.

वैद्यांनी आपल्या शिष्येला, वैजयंतीला, पुढे बसवले. सहा वर्षे ती त्यांच्याजवळ शिकत होती. ग्रंथ तिला मुखोद्गत होते आणि हातही सुरेख होता. तिने नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि सुंठ, जिरे, हिंग व सैंधव यांचे चूर्ण आपल्या हाताने कुटून दिले. “दिवसातून तीनदा, वाटीभर ताजं ताक घ्यायचं आणि त्यात घालून प्यायचं,” तिने बजावले. वैद्यांनी मान डोलावली. औषध योग्यच होते.

सहाव्या दिवशी मार्तंडराव शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन आले. डोळे खोल गेले होते. उलट्या वाढल्या होत्या. चार दिवसांत त्यांनी हातोडा उचलला नव्हता.

“पथ्य मोडलंत का?” वैजयंतीने विचारले.

“नाही हो बाई. तुम्ही सांगितलंत तसं तीन वेळा, एकही वेळ चुकवली नाही.”

मात्रा कमी पडली असे समजून तिने चूर्णाचा डबा पुन्हा उघडला. वैद्यांनी तिचा हात हलकेच थांबवला आणि ते तांबटाला म्हणाले, “आज फक्त उकळलेलं पाणी घोट घोट घ्या. दुसरं काही नको. उद्या दुपारी आम्ही दोघं तुमच्याकडे जेवायला येतो.”

मार्तंडराव गोंधळले, पण थोरामोठ्यांचा शब्द म्हणून हो म्हणाले. ते गेल्यावर मात्र वैजयंतीला राहवले नाही. “गुरुजी, ज्याच्या पोटात घास ठरत नाही, त्याच्याकडे आपण पाहुणचार मागायचा? मला लाज वाटली.”

“वाटू दे,” वैद्य म्हणाले. “पण उद्या ये.”

तांबटाचे घर म्हणजे पुढे कारखाना आणि मागे एक खोली. मार्तंडरावांनी स्वतःच भात आणि मुगाचे वरण रांधले होते. ते तीन पाने मांडू लागले, तसे वैद्य म्हणाले, “आमची पानं राहू द्या. तुम्ही रोज जे घेता, जसं घेता, ते सगळं काढून ठेवा. आज खायचं मात्र नाही.”

मार्तंडरावांनी भात वाढला, वरण वाढले. मग कोपऱ्यातल्या अंधाऱ्या फळीवरून रोजच्या ताकाची तांब्याची तपेली काढली आणि वाटीत ताक ओतले.

वैद्य उठले. ती तपेली घेऊन दारातल्या उजेडात गेले. कल्हई केवळ काठाशी उरली होती. आत तांबे उघडे पडले होते, आणि ताकाला निळसर झाक आली होती. त्यांनी करंगळीने थेंबभर जिभेला लावले आणि लगेच थुंकून चूळ भरली.

“ताक कळकलं आहे, मार्तंडराव. तांबं उतरलंय त्यात. याला कल्हई केव्हा केली होती?”

तांबटांनी तपेली हातात घेतली आणि काठावरून बोट फिरवले. मग खाली पाहत म्हणाले, “दर दसऱ्याआधी ही मागे लागायची. गावाची भांडी चकचकीत करता आणि घरचं एक होत नाही, म्हणायची. तिला जाऊन आता दोन वर्षं होतील.”

“पण चव? तुम्हाला तरी कळायला हवी होती,” वैजयंतीच्या तोंडून निघून गेले.

“बाई, ती गेल्यापासून सगळंच कडवट लागतं. मला वाटलं, हेही त्यातलंच.”

वैजयंतीने वाटीतल्या ताकाकडे पाहिले. दिवसातून तीनदा, असे तिनेच बजावले होते.

वैद्यांनी ताक ओतून टाकायला लावले. पंधरा दिवस पातळ पेज आणि डाळिंबाचा रस सांगितला. चूर्ण बंद केले. त्याच आळीत मार्तंडरावांची बहीण राहत असे, पण दुःखात ते तिच्याकडे जाईनासे झाले होते. “दुपारची पेज तिच्या घरी बसून घ्यायची,” वैद्य म्हणाले. “एकट्यानं नाही. हेही औषधच आहे, चुकवायचं नाही.”

परतताना वैजयंती म्हणाली, “गुरुजी, ग्रंथात तर या विकाराला ताकच सांगितलं आहे.”

“ग्रंथ खोटा नाही, आणि तुझं चूर्णही चुकलं नव्हतं. पण ग्रंथातल्या ताकाला भांडं नसतं, बाळ. रोग्याच्या ताकाला असतं. ते भांडं घासणारं कुणीतरी असतं, किंवा नसतं. वनस्पतींचे गुण तू शिकलीस. त्या ज्याच्या पोटात जाणार, तो कुठे बसून जेवतो, हे कोणत्याही पोथीत लिहिलेलं नाही. ते ज्याचं त्यालाच विचारावं लागतं. आणि त्याला सांगता येत नसेल, तर जाऊन पाहावं लागतं. पहिल्याच दिवशी मीही मान डोलावली होती. तेव्हा ही चूक आपल्या दोघांची आहे.”

एवढा मोठा माणूस आपली चूक इतक्या सहज पदरात घेतो, हे ऐकून तिचे डोळे भरून आले.

आठ दिवसांत उलट्या थांबल्या. महिना भरत आला तेव्हा तांबट आळीत मार्तंडरावांच्या घणाचे ठोके पुन्हा ऐकू येऊ लागले.

पुढे वैजयंतीने दुसऱ्या गावी स्वतःचा दवाखाना थाटला. तिच्या हाताला गुण आहे असे लोक सांगतात. थोडी कुरकुरही करतात, की या बाई पुडी बांधण्याआधी फार विचारत बसतात : पाणी कुठले, चूल कोण पेटवते, जेवायला सोबत कोण असते. पण उत्तरे देता देता कित्येकांचा चेहरा तिथेच थोडा निवळतो. तो निवळेपर्यंत वैजयंतीबाई औषधाच्या डब्याला हात लावत नाहीत.