तारेची जागा

“जाताना दादा काय बोलला?” हा प्रश्न एका तरुणाने घरातल्या प्रत्येकाला विचारला; उत्तर कोणीच दिले नाही. भाऊ वारला तेव्हा तो परगावी होता. म्हणून तो वहिनीला सकाळी विचारी, जेवताना विचारी, ती देवापुढे दिवा लावत असतानाही विचारी. वहिनी गप्प होत गेली. शेवटी तिने लहान लेकीला घेऊन कायमचे माहेरी जायचे ठरवले. तरुणाच्या आईच्या डोळ्यांचे पाणी खळेना.

भावाचा लग्नपत्रिका संगणकावर तयार करून छापायला देण्याचा व्यवसाय होता. ते काम वहिनीलाही येई. पण त्याचा जुना संगणक सुरू होताच तापून बंद पडत असे. तो नीट झाला तर वहिनी थांबेल, या आशेने तरुणाने तो आपल्या गुरूकडे नेला. हा गुरू म्हणजे बाजारातला एक वृद्ध कारागीर. शाळा अर्धवट सोडून तरुण त्याच्याच हाताखाली दुरुस्ती शिकत होता.

तरुण मुळातच उतावळा. नेमका ताप कळावा म्हणून त्याने तापमान मोजणाऱ्या तारेचे टोक थेट प्रोसेसरच्या माथ्यावर ठेवले, वर उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा चढवला आणि जोर लावून तो आवळू लागला.

“थांब रे रेड्या!” म्हातारा ओरडला. “कोपरा उडाला तर असला प्रोसेसर आता कुठे मिळायचा नाही.”

त्याने ठोकळा उचलला आणि मधली तार काढून घेतली. तांब्याच्या पातळ पत्र्याची एक चौकट प्रोसेसरच्या उंचवट्याभोवती बसवली, उंचवट्यावरची वाळलेली जुनी पेस्ट पुसून उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट जराशी लावली आणि तारेचे टोक कडेला, चौकटीच्या खाचेत सरकवले. मग ठोकळा अलगद टेकवला. यंत्र सुरू झाले आणि चालतच राहिले.

“अण्णा, तार कडेला ठेवली तर आतला खरा ताप कळणार कसा?”

“थोडा कमी कळेल. पण तुला तो कळायला हवाय, की उतरायला हवाय?”

तरुण वाकून खाचेतली तार पाहू लागला.

“हे बघ,” म्हातारा म्हणाला, “तुझी तार बारीकशी, पण तेवढ्यानेही ठोकळा उचलला गेला, मध्ये फट पडली. जिने तू ताप मोजत होतास, तीच तो उतरू देत नव्हती. आणि ही चौकट? ती काही थंडावा देत नाही. नुसती शेजारी बसते आणि भार वाकडा पडू लागला की तो आपल्या अंगावर घेते. दुखावलेल्या माणसाजवळ असं बसावं, पोरा.”

“माझ्या घरचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तूच. रोज तेच तर सांगतोस!”

संध्याकाळी तरुणाने संगणक घरी नेऊन जोडला. वहिनी कामाला बसली. एक शब्दही न विचारता तो पुतणीला मांडीवर घेऊन शेजारी बसून राहिला. एका पत्रिकेचा मजकूर भरून झाल्यावर ती म्हणाली, “भाऊजी, एवढा मजकूर मोठ्याने वाचता का? उद्या छापायला द्यायचाय. परवा दुसऱ्या पत्रिकेचं काम यायचं आहे.”

तो अक्षराला अक्षर लावत वाचू लागला. “आमचे येथे... श्रीकृपे... करून... चिसौकां...”

“अरे, नवरीला कुणी चिसौकां म्हणतं का?” आई दारातून म्हणाली आणि वहिनी खुदकन हसली.

तोही हसला, आणि त्या दोघींसाठी त्याने ती पत्रिका पुन्हा पहिल्यापासून, अधिकच सावकाश, वाचून दाखवली.