आपसूक उघडणारं पान

फार पूर्वी, डोंगराच्या अंगाखांद्यावर वसलेल्या एका गावाला पियानोचं भारी वेड होतं. घरटी एक पियानो. सोयरीक जुळवताना मुलगा वाजवतो काय हे लोक आधी विचारत आणि कमावतो काय हे नंतर.

त्या गावात एक दुकानदार होता. तो फक्त पियानोची पुस्तकं विकायचा. त्याची एक अट होती. गिऱ्हाइकाने आधी दुकानातल्या जुन्या पियानोवर चार ओळी वाजवायच्या, मगच तो फळीवरून पुस्तक काढणार. "डोळ्यांना काय आवडतं ते राहू द्या, हातांना काय हवंय ते बघू," असं तो म्हणायचा. शास्त्रीय वाजवणाऱ्याला कोणतं पुस्तक द्यायचं, जॅझवाल्याला कोणतं, आणि दोन्ही हवं असलेल्या हावरटाला कोणतं, हे त्याला चार ओळींत कळायचं.

"माझ्या दुकानातून गेलेलं पुस्तक आजवर परत आलेलं नाही," हे वाक्य तो रोज एकदा तरी ऐकवायचाच. ऐकणारे कंटाळायचे, तो मात्र कधी कंटाळला नाही.

दुकानदाराला एक मुलगी होती. ती आठ वर्षांची असताना त्याने तिच्यासाठी दोन पुस्तकं निवडली. एक शास्त्रीय सरावाचं. त्यात प्रत्येक स्वर छापलेला आणि कोणतं बोट कुठे ठेवायचं त्याचे आकडेसुद्धा. दुसरं जॅझचं, अगदी पातळ. त्यात नुसती धून आणि तिच्या डोक्यावर कॉर्डची, म्हणजे साथीच्या स्वरगुच्छांची अक्षरं, बाकी कागद कोरा.

"बाबा, हे अर्धवट छापलंय!" मुलगी म्हणाली.

"अर्धवट नाही गं, उरलेलं तुझं आहे."

वर्षं गेली. मुलगी मोठी झाली, चांगली वाजवू लागली. एके दिवशी गावात दवंडी पिटली गेली. राणीच्या दरबारात वादक हवा होता. सकाळी शास्त्रीय आणि संध्याकाळी जॅझ, दोन्ही वाजवणारा. परीक्षा घ्यायला खुद्द म्हातारे राजवादक येणार होते आणि प्रत्येकाने आपापली पुस्तकं सोबत आणायची होती.

झालं! दुकानात झुंबड उडाली. सगळ्यांना दर्शनी काचेतला तो जाडजूड ग्रंथ हवा होता. सोनेरी कडा, मखमली पुठ्ठा. आत सगळं शास्त्रीय आणि सगळं जॅझ. जॅझमध्ये वाजवता वाजवता जे सुचायचं असतं, तेसुद्धा आधीच सुचवून, छापून ठेवलेलं.

"आधी चार ओळी वाजवा," दुकानदार म्हणाला.

"वाजवू हो नंतर! आधी ग्रंथ बांधून द्या."

त्याने खूप समजावलं. शेवटी हात टेकले. ग्रंथ भराभर गेले आणि काचेत एकच उरला.

"बाबा, तो मला ठेवा," मुलगी म्हणाली.

"तुझी दोन आहेत ना?"

"ती? एकाची शिवण सुटलीये आणि दुसऱ्यावर चहा सांडलाय. पुस्तकवाल्याची मुलगी आणि हातात असली लक्तरं! लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाप कंजूष आहे. म्हणू देत."

मुलगी रुसली. तिने दोन्ही पुस्तकांना खाकी कव्हरं घातली, अगदी शाळेच्या वह्यांना घालतात तशी. ते पाहून दुकानदाराला वाटलं, आपल्या हट्टापायी पोरीची संधी गेली तर? त्याने काचेतला ग्रंथ काढून हातात घेतलासुद्धा. मग आतल्या खोलीतून तिच्या डाव्या हाताचा सराव ऐकू आला, कुठेही न अडखळणारा. त्याने ग्रंथ होता तिथे परत ठेवला.

परीक्षेच्या दिवशी गावचा दिवाणखाना माणसांनी भरून गेला. राजवादकांची रीत साऱ्या गावाला नवी होती. ते वादकाचं पुस्तक घेत, कण्यावर उभं धरत आणि दोन्ही हात सोडून देत.

"जे पान आपसूक उघडेल, ते वाजवायचं," ते म्हणाले.

सोनेरी ग्रंथ उघडेनातच! कोरे करकरीत, ते हात सोडताच मिटलेलेच आडवे होत. राजवादकांनी ओढून पान काढलं, तर पियानोवर ठेवल्याबरोबर ग्रंथ पुन्हा मिटे. एक जण डाव्या हाताने पान दाबून नुसत्या उजव्या हाताने वाजवू लागला, तेव्हा दिवाणखान्यात हसू फुटलं. जॅझची पाळी आली. दुसऱ्या एका वादकाने छापलेली धून जशीच्या तशी वाजवली.

"छान. आता हीच धून पुन्हा वाजवा, पण वेगळी," राजवादक म्हणाले.

"वेगळी कशी? यात एवढंच छापलंय," वादक चाचरत म्हणाला.

मग दुकानदाराच्या मुलीचं नाव पुकारलं गेलं. दुकानदार शेवटच्या रांगेत उभा होता. राजवादकांनी तिचं सरावाचं पुस्तक उभं धरून सोडलं मात्र, ते उघडून सपाट पसरलं.

पान एकतिसावं. डाव्या हाताचा सराव. याच पानाने तिला वर्षभर रडवलं होतं. खोडून खोडून कागद झिजला होता आणि कडेला लहानपणीच्या अक्षरात मोठ्ठं लिहिलं होतं, "चौथं बोट! चौथं!! मूर्ख!!!"

पुढच्या रांगेतल्यांनी ते वाचलं. कुजबुज झाली. मुलीचे कान लाल झाले. पान उलटलं की मागच्याच बाजूला तिचा आवडता, गोड, न चुकणारा सराव होता. राजवादक तेवढ्यात चष्मा पुसत होते. तिचा हात पानाच्या कोपऱ्याकडे गेला.

शेवटच्या रांगेत दुकानदार टाचा उंचावून पाहू लागला.

हात थबकला. पान तसंच राहिलं आणि हात पट्ट्यांवर आला.

तिने वाजवलं. चौथं बोट जिथे पडायला हवं तिथेच पडलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तिने जॅझची धून तीनदा वाजवली, तिन्ही वेळा निराळी. तिसऱ्यांदा तर तिने एकतिसाव्या पानाचा डावा हात हळूच त्या धुनीत मिसळला आणि स्वतःच हसली. राजवादकांचा पाय ताल धरत होता.

"ही पुस्तकं कुणी निवडली?" त्यांनी विचारलं.

"माझ्या बाबांनी!" ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

"आणि ही खाडाखोड? हे डाग?"

तिने पुस्तकाचं खाकी कव्हर काढून टाकलं. "ते माझे."

दरबाराची वादक म्हणून तिची निवड झाली. निघायच्या दिवशी ती दुकानात आली आणि शिवण सुटलेलं पुस्तक तिने बापापुढे ठेवलं.

"बाबा, हे आता मला पाठ आहे, तुमच्याजवळ राहू द्या. जॅझचं मात्र नेते. त्यातलं माझं अजून संपलेलं नाही."

ती गेल्यावर दुकानदाराने काचेतला सोनेरी ग्रंथ काढला आणि त्या जागी ते पुस्तक ठेवलं. पान उघडावं लागलं नाही, ते आपसूकच उघडलं.

त्यानंतरही तो रोज तेच वाक्य ऐकवायचा, फक्त थोडं बदलून. "माझ्या दुकानातून गेलेलं पुस्तक परत येत नाही," तो म्हणायचा आणि ताठ मानेने काचेकडे बोट दाखवायचा. "एकच आलं. ते हे."

तात्पर्य: पुस्तक निवडावं ते हातांना मानवेल असं, आणि अभिमान धरावा तो त्यावर पडलेल्या आपल्या खुणांचा.